मेंटेनर: गुरुदत्त हर्डीकर, संत तुकाराम नगर

ज्याला तक्रारी करायला आवडतं त्याला त्या ऐकायलाही मिळाल्या पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं होतं. यात माझं काय चुकलं ते तुम्ही सांगा. स्वरूपाला विचारू नका. ती माझी बायको आहे, ती विचारायच्या आधीच सांगेल.

आता विषय थोडा कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. मी त्यात पंचवीस वर्षं आहे आणि अजून मला तो समजलेला नाही, तर तुम्हाला एका कथेत समजावा अशी माझी अपेक्षा नाही. तळवड्याला आमची छोटी कंपनी आहे. चाकणच्या कारखान्यांत मशिनींवर जे पडदे लावलेले असतात, ज्यावर बघून ऑपरेटर ठरवतो की पुढचा नट कुठला आवळायचा, त्या पडद्यांमागचे प्रोग्राम आम्ही सांभाळतो. ते पडदे लिनक्सवर चालतात. लिनक्स म्हणजे काय? विंडोजला पैसे पडतात, याला पडत नाहीत. आमचा मालक सलिल, त्याला एवढंच कळतं आणि तेवढ्यावर कंपनी चालते.

तर लिनक्समध्ये कुठलाही प्रोग्राम पाकिटात येतो आणि पाकिटाबरोबर एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर पाकिटाचं नाव, आवृत्ती, याला सोबत कोण कोण लागतं, याचं कुणाशी पटत नाही, आणि दोन ओळी वर्णन. लग्नाच्या बायोडेटासारखंच, फक्त यात खरं लिहितात. चाकणच्या पडद्यांवर असल्या चिठ्ठ्यांचा नुसता बुजबुजाट. त्या धडाधड वाचून, कुणाला काय लागतं ते सांगणारं एक हत्यार मी बनवलं. आमच्या भाषेत त्याला लायब्ररी म्हणतात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी उसनी न्यायची हत्यारपेटी. नाव ठेवलं ‘चिठ्ठी’. छान झाली होती हो. उगाच नम्रपणा कशाला करू.

सलिल म्हणाला, “बंटीदादा, मस्तच. ही आपण ओपन टाकू. जगाला फुकट वापरू दे. फक्त कंपनीचं नाव नको, वकिलांचं लफडं होतं. कुणाच्या तरी पर्सनल नावानं टाक.”

(हो, बंटी. पन्नाशी आली, केस गेले, चष्म्याला दोन नंबर झाले, तरी बंटीच. आमच्याकडे बारशाला दिलेलं नाव फक्त मतदारयादीत वापरतात.)

तर ‘चिठ्ठी’ जगापुढं टाकायची म्हणजे तिचीही एक चिठ्ठी लिहायला पाहिजे. मी सगळे रकाने भरले आणि शेवटी अडलो. रकाना होता: मेंटेनर. म्हणजे सांभाळणारा. काही बिघडलं तर जगानं कुणाच्या नावानं बोंब मारायची त्या माणसाचं नाव आणि पत्ता.

मी खुर्चीत मागं रेललो. आणि त्याच वेळी, आईशप्पथ, माझ्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘तळमजला क्रमांक दोन यांची स्कूटर आजही स्टँडवर डावीकडे कललेली आहे. सौंदर्यदृष्टीने अयोग्य. गु. ह.’

गु. ह. म्हणजे आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहणारे गुरुदत्त हर्डीकर. पूर्वी जकात खात्यात होते. नाशिक रस्त्यावरच्या नाक्यावर उभं राहून त्यांनी अख्खी हयात ट्रक थांबवले. एक पैसा कधी खाल्ला नाही आणि एक ट्रक कधी वेळेवर सोडला नाही. पुढं सरकारनं जकातच बंद केली, आणि हर्डीकरांना उरलेली नोकरी बागेत फुलझाडांकडं बघत काढावी लागली. ट्रकबरोबर मालाच्या कागदाची बिल्टी असते, फुलझाडांना नसते. तेव्हापासून ते आमच्यावर होते. माझी स्कूटर कलते, माझ्या कुकरची शिट्टी चिरकी, माझं हसणं जिन्यात घुमतं. एकदा तर सकाळच्या माझ्या शिंकेवर त्यांनी खुलासा मागितला होता.

मी रकान्यात लिहिलं: गुरुदत्त हर्डीकर. पत्त्याच्या जागी त्यांचा ई-मेल. आणि काम पक्कं व्हावं म्हणून जिथं ‘चिठ्ठी’ ठेवायची तिथलं खातंही त्यांच्याच नावानं, त्यांच्याच मोबाइल नंबरवर उघडलं. राहिला ओटीपी. तो त्यांच्या फोनवर जाणार. मी वर गेलो आणि बेल वाजवली.

“काका, मोबाइलवर एक आकडा आला असेल. जरा वाचून दाखवता?”

“कशासंबंधी?”

मी खोटं बोललो नाही. म्हणालो, “तुमच्या नावावर एक जबाबदारी येतीये.”

जबाबदारी हा शब्द ऐकून हर्डीकरांची पाठ सरळ झाली. किती वर्षांनी ऐकला असेल बिचाऱ्यांनी! त्यांनी चष्मा लावला, एकेक आकडा ठणठणीत आवाजात वाचला आणि म्हणाले, “पोच कधी मिळेल?”

“लवकरच,” मी म्हणालो, आणि घरी येऊन पोट धरून हसलो. जिन्यात घुमेल इतकं.

पोच खरंच लवकर आली. ‘चिठ्ठी’ लोकांना आवडली आणि ती वापरणाऱ्यांपैकी एकाचं काहीतरी खुट्ट झालं. थियागो नावाचा ब्राझीलचा पोरगा. त्यानं मेंटेनरला कडक मेल पाठवला. हे मला कळलं कारण वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग हर्डीकरांची हाक: “चारुलता! तक्रार आली आहे!”

मी आणि स्वरूपा छताकडं बघत बसलो. मला वाटलं, आता स्फोट. आता खाली येतील, शिव्या देतील, मग मी भोळा चेहरा करीन. चेहरा मी आरशात करून ठेवला होता.

कसलं काय. तासाभरानं मी सहज वर डोकावलो तर हर्डीकर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. घरात! पायात बूट! शेजारी चारुलताकाकू लॅपटॉप घेऊन. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी एकदम खणखणीत. हर्डीकर मराठीत सांगत होते, काकू इंग्रजीत टाइप करत होत्या.

“लिही. महोदय, आपला तक्रारअर्ज प्राप्त झाला. सदर अर्जासोबत आपण मालाचा नमुना जोडलेला नाही. तरी नमुन्यासह पुन्हा अर्ज करावा. विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही.”

“आपला विश्वासू लिहू का?” काकूंनी विचारलं.

“नको. अजून विश्वास बसायचाय.”

आता गंमत ऐका. थियागोनं नमुना पाठवला! वर आभार मानले! त्याचं म्हणणं, असल्या फुकटच्या हत्यारांचे मेंटेनर एकतर उत्तरच देत नाहीत, नाहीतर अंगावर येतात. इतक्या आदबीनं त्याला आयुष्यात कुणी महोदय म्हटलेलं नव्हतं. मग फिनलंडची एक बाई आली, आइनो नावाची. तिला हर्डीकरांनी कळवलं की कार्यालय दुपारी वामकुक्षीसाठी बंद असतं. तिनं ते सगळ्या जगाला वाचून दाखवलं आणि लिहिलं की कामाचं आणि आयुष्याचं गणित शिकावं तर या माणसाकडून.

पंधरवड्यात हर्डीकर प्रसिद्ध. ग्रुपवर माझ्या स्कूटरचं नाव निघेना. मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी मुद्दाम ती उजवीकडं कलवून बघितली. काही नाही.

“अहो,” स्वरूपा म्हणाली, “त्यांना ब्राझीलहून मेल येतात, फिनलंडहून येतात. तुम्हाला गॅसवाल्याचा तरी येतो का?”

“मी लिहिलीये ती लायब्ररी!”

“मग नाव का नाही घातलंत स्वतःचं?”



शेजारच्या रंगरावांनी तर कहर केला. रंगराव लातूरकडचे, भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त, आणि सल्ला द्यायला चोवीस तास ड्युटीवर. मला पार्किंगमध्ये थांबवून म्हणाले, “बंटी, जरा हर्डीकरसायबाकडून शिकून घे की. तूबी त्याच लायनीत हाईस म्हणं. इतकी वर्सं काय करालास?”

इथपर्यंत मी सहन केलं. विनोद अंगावर आला तर तो झेलायचा, हा माझा बाणा. पण मग चाकणला पडदे बंद पडले.

झालं असं. चिठ्ठीतल्या वर्णनात मधेच रिकामी ओळ सोडायची असेल तर तिथं नुसतं एक टिंब द्यायचं, असा लिनक्सवाल्यांचा नियम आहे. माझं हत्यार टिंब दिसलं की समजायचं, संपली चिठ्ठी, चला घरी. टिंबाच्या पुढं ‘याला सोबत कोण लागतं’ ही ओळ असली तर ती वाचायचीच नाही. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात नेमक्या अशा चिठ्ठ्या आल्या. पाकिटं सोबत्यांशिवाय एकटीच जाऊन बसली, आणि पडदे काळे. ऑपरेटर नट हातात घेऊन उभे.

सलिलनं मला बोलावलं. त्याच्या केबिनशेजारी एक रिकामी केबिन आहे, खिडकीवाली, आणि ती माझी होणार असं वर्षभर चाललं होतं.

“बंटीदादा, सरळ बोलतो. शुक्रवारी त्यांचा माणूस तपासायला येतोय. तोपर्यंत पडदे चालू झाले तर ही केबिन तुमची. नाही झाले तर मला कुणीतरी कायमचं चाकणला बसवावं लागेल. रोज.”

“रोज?”

“रोज. सकाळच्या शिफ्टला.”

तुम्ही इकडचे नसाल तर तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही. चाकणचा रस्ता हा रस्ता नाही, ती एक लांबलचक पार्किंगची सोय आहे. मोशीपासून पुढं कंटेनरला कंटेनर चिकटलेला. आमच्या ओळखीतला एक जण तिथं रोज जातो. त्याचं लग्न त्या रस्त्यावरच जमलं. शेजारच्या बसमध्ये मुलगी होती, दोन महिने रोज बस शेजारीच उभी. या वयात, या कमरेनं, मी तो रस्ता रोज करणं शक्य नव्हतं.

“दुरुस्ती दोन ओळींची आहे,” मी म्हणालो. “आत्ता करतो.”

“करा. फक्त कारखान्याचा नियम आहे, मेंटेनरनं स्वतः सोडलेली आवृत्तीच ते वापरणार. म्हणजे हर्डीकरसाहेबांची मंजुरी पाहिजे.” सलिलचा आवाज एकदम हळू झाला. “तुम्ही ओळखता त्यांना? मी वाचतो त्यांची उत्तरं. काय माणूस आहे!”

मी म्हणालो, “ओळखतो. वरच राहतात.”

दुरुस्ती मी बसमधून उतरायच्या आत केली. आता ती खात्यावर चढवायची. पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. चारुलताकाकूंनी पहिल्याच आठवड्यात तो बदलला होता. बँकेतली बाई, दुसऱ्यानं ठेवलेला पासवर्ड रात्रभरसुद्धा घरात ठेवत नाही. म्हणजे माझ्या स्वतःच्या लायब्ररीत शिरायला मला आता हर्डीकरांची बेल वाजवणं भाग होतं.

“काका, एक छोटीशी दुरुस्ती होती.”

“कार्यालय अकरा ते एक,” दारातून हर्डीकर म्हणाले.

“काका, मी बंटी. खालचा.”

“म्हणूनच सांगतो. ओळखीच्या माणसाला सवलत दिली की नाका संपला.”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून अकराला गेलो. माझ्या आधी रांगेत कुणी नव्हतं, तरी मला बसवून ठेवलं. मग दुरुस्ती बघितली. काकूंनी एकेक ओळ वाचली, हर्डीकरांनी डोळे मिटून ऐकली.

“टिंब आलं की थांबायचं नाही, पुढं वाचायचं. बरोबर?”

“बरोबर, काका. एवढंच.”

“एवढंच नसतं. आजपर्यंत ज्यांनी टिंब म्हणजे शेवट असं धरून माल पाठवला, त्यांचं काय? हरकती मागवाव्या लागतील.”

“हरकती? कुणाच्या?”

“जगाच्या,” हर्डीकर म्हणाले.

आणि मागवल्या! मला वाटलं, कुणाला एवढा वेळ आहे. संध्याकाळपर्यंत थियागोची हरकत हजर. त्या पठ्ठ्यानं माझी चूक हीच सोय समजून स्वतःच्या सगळ्या चिठ्ठ्या टिंबानं संपवल्या होत्या आणि टिंबाखाली स्वतःची काहीबाही टिपणं खरडली होती. दुरुस्ती झाली तर ती टिपणंही वाचली जाऊन त्याचं दुकान बंद पडणार. त्याच्या बाजूनं आइनोही उतरली. म्हणाली, नियम बघता दुरुस्ती बरोबर आहे, पण माणुसकी बघता सुनावणी घ्या.

शुक्रवार जवळ येत होता आणि माझी केबिन लांब जात होती. तेव्हा मी माझ्या मूळ कलेकडं वळलो. कॉलेजात असताना मी विजेच्या ऑफिसचा साहेब बनून अख्ख्या होस्टेलला दिवे मोजायला लावले होते. खात्यावर ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबलं आणि तोच आवाज काढून काकूंना फोन केला. नंबर ऑफिसातल्या एका पोराचा.

“मॅडम, मीटर खात्यातून बोलतोय. तुमच्या साहेबांच्या मोबाइलवर एक आकडा आलाय, तेवढा सांगा, नाहीतर लाइन कट होईल.”

 मग काकू म्हणाल्या, “बंटी, घसा बसलाय का रे? आल्याचा काढा पाठवते. गरम गरम घे.”

काढा खरंच आला. वर झाकणी, आणि सोबत निरोप की सुनावणी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, पार्किंगमध्ये. अर्जदारानं वेळेवर हजर राहावं.

काढा चांगला होता. ते सोडा.

गुरुवारी मी खाली आलो तर पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. गणपतीत लावतो तो पडदा लावलेला. पडद्यावर एका चौकोनात नुकताच उठलेला थियागो, दुसऱ्यात आइनो. सोसायटी झाडून हजर. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी चहा ठेवला होता. आणि पहिल्या रांगेत, हातात पुष्पगुच्छ घेऊन, साक्षात सलिल.

“मला राहवलं नाही,” तो माझ्या कानात म्हणाला. “साहेबांना एकदा बघायचं होतं.”

हर्डीकर खाली आले. इस्त्रीचा शर्ट, बूट. लोक उभे राहिले. मीसुद्धा उभा राहिलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

“प्रश्न टिंबाचा आहे,” हर्डीकरांनी सुरुवात केली. “कुणाला काही सांगायचंय?”

रंगराव लगेच उठले. “सायेब, एवढं भांडण होतंय तर ते टिंब काढूनच टाका की. न्हाई टिंब, न्हाई कटकट.”

सोसायटीतल्या विमलबाई म्हणाल्या, “त्या फिनलंडच्या बाईंना जरा माझ्या गिझरचं विचारा ना. पाणी तापतच नाही. त्यांच्याकडं थंडी असते, त्यांना कळत असेल.”

काकूंनी तेही इंग्रजीत विचारलं. आइनोनं गंभीरपणे सांगितलं की आतली कॉइल बघा, तिच्यावर क्षार साठले असतील. विमलबाई धन्य झाल्या आणि उठून घरी गेल्या. थियागोनं आपली बाजू मांडली, मधे त्याची आई चौकोनात येऊन सगळ्यांना हात हलवून गेली, सोसायटीनंही तिला हात हलवले. मी माझी बाजू मांडली. मला मधे कुणीही हात हलवला नाही.

हर्डीकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या नाक्यावर पावतीचा नमुना बदलला की आम्ही काय करायचो? दोन गेटं. जुन्या पावतीवाले जुन्या गेटनं, नवे नव्या गेटनं. जुनी आवृत्ती आहे तशी राहील, थियागो तिथून जाईल. दुरुस्ती नव्या आवृत्तीत. नवा नंबर द्या. कुणाचाही माल अडणार नाही.”

पडद्यावरून टाळ्या आल्या. खालून टाळ्या आल्या. सलिलनं तर डोळे पुसले. मला हे सांगायला जिवावर येतं, पण तोडगा बरोबर होता. अगदी हाच तोडगा मला पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होता.

“तर सोडा मग, काका,” मी म्हणालो.

“थांब. एक शेवटची तपासणी.” हर्डीकरांनी चष्मा काढला. “आमच्याकडं नियम होता. बिल्टीवरचं नाव खोटं निघालं तर माल जप्त. या चिठ्ठीवर मेंटेनर म्हणून माझं नाव आहे. मी ते घातलेलं नाही. कुणी घातलं? आणि का?”

पार्किंगमध्ये सुई पडली असती तर तिचा खुलासा मागितला गेला असता, इतकी शांतता. सोसायटी माझ्याकडं बघत होती. सलिल माझ्याकडं बघत होता. स्वरूपा तर माझ्याकडं न बघता हसत होती. खरं सांगावं, तर साहेबांची चेष्टा केली म्हणून केबिन गेली आणि चाकण नक्की. खोटं सांगावं, तर माल जप्त आणि चाकण नक्की.

मी उभा राहिलो. हात जोडले. आवाजात थोडा कंप आणला, तो काढ्यामुळं चांगला लागला.

“काका, मी घातलं. लिहायला काय, कुणीही लिहितं. पण सांभाळायला निःस्पृह माणूस लागतो. मी जगभर नजर टाकली. मग वर नजर टाकली. वर तुम्ही होता.”

 मग काकूंनी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. मला शंका आहे त्यांनी त्यात पदरची भर घातली, कारण थियागोची आई परत चौकोनात आली आणि तिनं छातीवर हात ठेवला. काकू माझ्याकडं असं बघत होत्या की या बाईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तिथंच कळलं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांना घरात इस्त्रीचा शर्ट बघायला आवडत असावा.

हर्डीकरांनी चष्मा परत लावला. “नाव खरं आहे,” ते म्हणाले. “माल सोडा!”

काकूंनी बटण दाबलं. फोनवर आकडा आला. हर्डीकरांनी तो एकेक करून मोठ्यानं वाचला, आणि सगळी सोसायटी त्यांच्यामागं म्हणाली. नवी आवृत्ती निघाली. अर्ध्या तासात चाकणहून फोन, पडदे उजळले. मी रंगरावांना मिठी मारली. रंगराव म्हणाले, “बघ, शिकलास का न्हाई काईतरी?”

शुक्रवारी तपासणी झाली. सलिल संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला, चेहऱ्यावर दिवाळी.

“बंटीदादा, मानलं तुम्हाला. बाहेरचा, निःस्पृह मेंटेनर! त्या तपासायला आलेल्या माणसाला ही कल्पना एवढी आवडली की काय सांगू. केबिन तुमची.”

मी खिडकीकडं बघितलं. बाहेर तळवड्याचं निवांत आकाश.

“ती नाही,” सलिल म्हणाला. “चाकणला. ते म्हणतात, असा माणूस आमच्या गेटवरच पाहिजे. आत येणारं प्रत्येक पाकीट हर्डीकरसाहेबांनी तपासायचं. साहेब तयार आहेत. तुम्ही त्यांच्या हाताखाली. आणि ने-आणही तुम्हीच करा, एकाच बिल्डिंगमध्ये राहता.”

 मी घाईनं म्हणालो, “त्यांचं वय झालंय. तो रस्ता... दगदग...”

“तो विचार मीही केला. सोमवारी एकदा नेऊन बघा. साहेबांना झेपत नसेल तर एका शब्दात सांगू दे, आपण सगळं तळवड्यातूनच करू.”

एका शब्दात! माझ्या जिवात जीव आला. इतका सोपा डाव मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. सोमवारी मी वेळ निवडली ती नेमकी शिफ्ट सुटायची आणि भरायची. कंपनीच्या गाडीचा एसी बिघडलाय म्हणून सांगितलं. भोसरीतून आतला रस्ता होता, तो सोडून सरळ हायवेला लागलो. मोशी गेलं आणि पुढं, अपेक्षेप्रमाणं, जग थांबलं. उजवीकडं कंटेनर, डावीकडं ट्रक, पुढं ट्रेलर, मागं टँकर. धूर, धूळ, हॉर्न. गाडी अर्धा तास जागची हलली नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

हर्डीकर घामानं भिजले होते.  मी तिरप्या नजरेनं बघितलं. त्यांचा ओठ थरथरत होता. मी फोन काढून सलिलला लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“साहेब, कसं वाटतंय?” सलिलनं विचारलं. “जमेल का रोज? मोकळेपणानं सांगा.”

हर्डीकरांनी काच खाली केली. शेजारचा ट्रकवाला खिडकीत हात टाकून बसला होता.

“काय माल आहे?” हर्डीकरांनी विचारलं.

कसं कुणास ठाऊक, त्या माणसाचा हात आपोआप डॅशबोर्डकडं गेला आणि बिल्टी बाहेर आली. हर्डीकरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, परत दिली आणि म्हणाले, “ठीक आहे. जाऊ द्या.” ट्रक जाणार कुठं होता? पण ड्रायव्हरनं सलाम केला.

मग ते माझ्याकडं वळले. डोळे भरलेले.

“बंटी, अख्खी नोकरी मी ट्रकपुढं हात आडवा करत उभा राहिलो. निम्मे थांबायचे, निम्मे तोंडावर धूळ उडवून पळून जायचे. आणि इथं बघ. सगळे थांबलेत. आपण होऊन!”

“साहेब?” फोनमधून सलिल. “काही त्रास होतोय का?”

हर्डीकर फोनकडं वाकले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “अजिबात नाही. उद्यापासून आम्ही तासभर आधी निघू, म्हणजे गर्दी चुकणार नाही.”